सेंटओएस संपली, आता फुकटची की पैशाची? या चुका टाळा

अंधेरी एमआयडीसीत किंवा फोर्टच्या जुन्या ऑफिसांत सेंटओएस ७ (पैशाच्या रेड हॅट लिनक्सची फुकटची नक्कल असलेली ऑपरेटिंग सिस्टिम) असलेला एखादा सर्व्हर अजून मुकाट्याने चालू सापडतो. त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले. हे लक्षात येतं ते बहुतेकदा 'यम अपडेट' (अपडेट उतरवायची कमांड) मारल्यावर मिररलिस्टचा (डाउनलोड सर्व्हरांच्या यादीचा) होस्ट सापडत नाही अशी एरर आली की. लगेच नेटवाल्याला फोन जातो. लाइन ठणठणीत असते. तो पत्ताच बंद झालाय.

मग कोणीतरी पॅकेजं कुठून आणायची ते सांगणाऱ्या रेपो फाइलमध्ये मिररलिस्टच्या ओळीपुढे हॅश लावून ती बंद करतं आणि बेसयूआरएल (डाउनलोडचा थेट पत्ता) व्हॉल्टकडे, म्हणजे सेंटओएसच्या जुन्या साठ्याकडे, वळवतं. यम धावायला लागतं, सगळे हुश्श! माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. व्हॉल्टवर फक्त जुनी पॅकेजं आहेत, नवा सिक्युरिटी पॅच तिथे कधीच येणार नाही. मायग्रेशनपुरता (दुसऱ्या सिस्टिमवर जाण्यापुरता) वापरा आणि निघा.

नाव ओळखीचं म्हणून सेंटओएस स्ट्रीम टाकू नका. ती रेड हॅटच्या पुढे धावते, म्हणजे बदल आधी तिथे येतात. जुनी सेंटओएस मागून यायची. तशी फुकटची हवी तर रॉकी लिनक्स किंवा अल्मा लिनक्स. जून २०२३ मध्ये रेड हॅटने सोर्स कोडची वाट अरुंद केल्यावर अल्माने हुबेहूब नकलेचा हट्ट सोडून बायनरी सुसंगतता (रेड हॅटसाठी बनवलेले प्रोग्रॅम तसेच चालणं) धरली, रॉकीने हट्ट कायम ठेवला. वेबसर्व्हरला दोन्ही चालतात, त्यावर मीटिंगा घेऊ नका.

ओरॅकल डेटाबेस असेल तर मात्र काटकसर नको. ओरॅकलच्या सर्टिफाइड यादीत रॉकी-अल्मा नाहीत, आणि रात्री अडकल्यावर सपोर्टवाला आधी ओएसच विचारतो. तिथे पैसे मोजा, पण प्लॅन वाचून: रेड हॅटचा सेल्फ-सपोर्ट प्लॅन घेतलात तर तक्रारीचं तिकीट घ्यायला पलीकडे कोणी नाही. रेड हॅटचं १६ मशीनपर्यंतचं मोफत डेव्हलपर सबस्क्रिप्शन व्यक्तीसाठी आहे. कंपनीचे सर्व्हर एखाद्या पोराच्या खात्यावर चढवलेत, तर तो नोकरी सोडेल तेव्हा पंचाईत.

मायग्रेशनमध्ये ७ वर रॉकीची स्क्रिप्ट चालवून 'होत नाही' म्हणणारे बरेच. ती व्हर्जन बदलत नाही. ७ वरून ८ ला जायला एलिव्हेट (अल्माचं अपग्रेड टूल) लागतं. आधी बॅकअप, आणि तो एकदा रिस्टोर करून बघा.

रॉकी-अल्मा ९ वर गेल्यावर जुन्या एनएएसचं (नेटवर्कवरच्या फाइल साठवायच्या डब्याचं) एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) अचानक तुटलं तर पासवर्ड बदलत बसू नका. ९ मध्ये शा-१ सह्या (जुन्या, कमकुवत पद्धतीच्या डिजिटल सह्या) डीफॉल्टने नाकारल्या जातात. एनएएसचं फर्मवेअर अपडेट करा. तेही मिळत नसेल तरच सर्व्हरची क्रिप्टो पॉलिसी लेगसीवर (जुन्या पद्धती चालवून घेणाऱ्या सेटिंगवर) आणा, तीही नवं एनएएस येईपर्यंतच.