जुन्या बोटीचं डिझेल इंजिन कसं तपासावं आणि एअर कशी काढावी

जुनी बोट बघायची तर मे महिन्यात बघा, ती पाण्यात असताना. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. तेव्हा बोट वर ओढून शाकारलेली असते, पंखा (प्रोपेलर) हवेत फिरतो आणि इंजिनावर भारच येत नाही. नुसता आवाज ऐकून सौदा करणारे बरेच आहेत. पुढचा खर्चही तेच करतात.

गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर तुम्ही यायच्या आधी ते चालवून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी न कळवता या. थंड इंजिन सेल्फ मारताच उठलं पाहिजे. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो. तापल्यावरही तो राहिला तर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते), कॉम्प्रेशन किंवा सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी, यांपैकी काहीतरी आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइल मोजायच्या काडीवर ते दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे, सरळ घरी जा. मग बोट बाहेर काढून पूर्ण थ्रॉटल द्या. इंजिनाच्या प्लेटवर लिहिलेले आरपीएम गाठत नसेल आणि काळा धूर येत असेल तर पंखा मोठा आहे, बुडाला शिंपल्यांची कवचं चढलीत किंवा इंजिन थकलंय.

बोट घेतलीत की ऑइल, फिल्टर, बेल्ट बदला. इम्पेलरची (समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातल्या रबरी चाकाची) पाती तुटली असेल तर नवा बसवण्याआधी तुकडा हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिन थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी शोधा. इंजिनाऐवजी स्वतः झिजणारी जस्ताची कांडी अर्धी झिजली की बदला.

आता एअर. फिल्टर बदलला की डिझेल लाइनमध्ये हवा शिरते आणि इंजिन उठत नाही. या कामाने मला पूर्वी फार रडवलंय. धक्क्यावर सल्ला एकच, ‘सेल्फ मारत राहा, निघेल आपोआप’. बॅटरी आणि सेल्फ दोन्ही घालवायचा हा हमखास उपाय.

टाकी भरा. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल खेचणाऱ्या पंपाचा) दांडा हाताने मारा. दांडा ढिला लागला तर पंप बिघडलेला नसतो, इंजिनाच्या कॅमने (पंप चालवणाऱ्या उंचवट्याने) तो दाबून धरलेला असतो. इंजिन हाताने थोडं फिरवा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा, मग एफआय (फ्युएल इंजेक्शन) पंपाच्या स्क्रूचंही असंच करा. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा, डिझेल उडालं की आवळा. हे जुन्या यांत्रिक पंपापुरतंच. कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनाचे नट उघडू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं.

सर्वांत मोठा धोका याच वेळी असतो, आणि तो कुणी सांगत नाही. ज्या बोटीत समुद्राचं पाणी धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडतं, तिथे इंजिन न उठता सेल्फ मारत राहिलात तर पाणी सायलेन्सरमध्ये साठतं आणि उलटं सिलिंडरमध्ये चढतं. म्हणून सेल्फ मारताना पाण्याचा व्हॉल्व बंद ठेवा आणि इंजिन उठताच उघडा. व्हॉल्वपाशी एक माणूस उभा करा, नाहीतर इम्पेलर जळेल.

एअर काढूनही इंजिन पुन्हा पुन्हा बंद पडतंय? मग कुठून तरी हवा खेचली जातेय. टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये गळती असेल तर बाहेर डिझेलचा थेंब दिसत नाही, हवा आत जाते. कॉपर वॉशर नवे घाला. टेफ्लॉन टेप लावू नका, तिचे धागे नोझलपर्यंत जातात. तरीही थांबत नसेल तर इंजिनापेक्षा उंच एक कॅन बांधा आणि फीड पंपाला थेट त्यातून स्वच्छ पाइपने डिझेल द्या. इंजिन नीट चाललं तर दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनमध्ये आहे. सौदा व्हायचा असेल तर ती लाइन बदलायचे पैसे किमतीतून कापून घ्या.