हर्मेटिक ग्रंथ आणि साधना: या चुका टाळा

हर्मिस ट्रिस्मेजिस्टस ('त्रिवार महान' हर्मिस, ज्याच्या नावावर हे हर्मेटिक ग्रंथ आहेत तो पौराणिक गुरू) याच्याबद्दल मराठीत विचारणारे लोक वाढलेत याचा मला मनापासून आनंद आहे. पण तेच प्रश्न त्याच गैरसमजांसकट येत राहतात आणि तीच उत्तरं पुन्हा पुन्हा लिहिण्याचा आता कंटाळा आलाय. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. ज्यांना "रोज काय करायचं तेवढंच सांगा" असं म्हणायचंय त्यांनी तर आधी वाचावं.

'किबॅलियन' हा प्राचीन ग्रंथ समजणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. सात नियम, छोटंसं पुस्तक, पानोपानी ठळक अक्षरांत सूत्रं. "सर्व काही मन आहे", "सर्व काही कंपन पावतं" वगैरे. हे पुस्तक १९०८ साली शिकागोत छापलं गेलं. लेखक म्हणून 'थ्री इनिशिएट्स' असं टोपणनाव आहे आणि त्यामागे विल्यम वॉकर ॲटकिन्सन हा अमेरिकन लेखक असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. हाच ॲटकिन्सन 'योगी रामचारक' या नावाने योग आणि प्राणायामावरही लिहायचा. 'किबॅलियन' वाचताना आपल्याला "अरे, हे तर आपलंच" असं वाटतं त्याचं एक कारण हेच. 'किबॅलियन' नावाचा कुठलाही प्राचीन ग्रंथ ग्रीक, लॅटिन, कॉप्टिक किंवा अरबीत सापडलेला नाही.

आमच्या ओळखीतली एक मुलगी मोठ्या हौसेने एका शनिवार-रविवारच्या शिबिराला गेली होती आणि आग्रहाने मलाही घेऊन गेली. फळ्यावर सात नियम लिहिलेले, समोर स्पायरल बांधणीच्या नोट्स, आणि "पाच हजार वर्षांपूर्वी हर्मिस म्हणाला" हे वाक्य दर तासाला. संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे मूळ कुठल्या अध्यायात आहे? मला संदर्भ लिहून घ्यायचाय." शिक्षकांनी सांगितलं की हे ज्ञान मौखिक आहे. बाईंनी वही मिटली. दुपारच्या जेवणात पुढच्या पातळीच्या शिबिराची नोंदणी सुरू झाली आणि त्या मुलीने पैसे भरले.

काही महिन्यांनी ती त्याच नोट्स घेऊन माझ्याकडे आली. आम्ही 'कॉर्पस हर्मेटिकम'चं, म्हणजे हर्मिसच्या नावावरच्या प्राचीन ग्रीक संग्रहाचं, भाषांतर उघडलं आणि सातही नियम एकेक करून शोधायला बसलो. मनाचं, म्हणजे ग्रीक 'नूस'चं, महत्त्व सापडलं, पण अगदी वेगळ्या अर्थाने. कंपनाचा नियम कुठेच नाही. उलट नोट्समध्ये ज्याचा मागमूस नव्हता ते पानोपानी होतं: प्रार्थना, कृतज्ञता, भक्ती. पहिल्याच प्रकरणाच्या शेवटी, 'पॉइमँड्रिस'मध्ये, देवाची स्तुती करताना "पवित्र" हा शब्द नऊ वेळा येतो. या परंपरेत ज्ञान आणि भक्ती एकमेकांपासून सुटत नाहीत. 'किबॅलियन'मध्ये मात्र देवापुढे हात जोडायला जागाच नाही, त्यात सगळा भर नियम वापरून परिस्थितीवर ताबा मिळवण्यावर आहे.

वाईट याचं वाटतं की १९०८ हा आकडा कळल्यावर तिने सगळंच सोडून दिलं. "म्हणजे हर्मिसचं सगळंच खोटं," असं म्हणाली. खोट्या पाटीमुळे खऱ्या ग्रंथावरचा विश्वास उडाला, आणि या शिबिरवाल्यांवर माझा राग आहे तो यासाठी. १९०८ चं पुस्तक १९०८ चं म्हणून वाचायला माझी काहीच हरकत नाही.

माझी सवय अशी. कुठलंही वाक्य हर्मिसच्या नावावर दिसलं की वहीत त्याच्यापुढे तीन गोष्टी लिहायच्या: कुठला ग्रंथ, कितवं प्रकरण, मूळ भाषा. तिन्ही रकाने भरेपर्यंत ते वाक्य कुणाला पाठवायचं नाही. बहुतेक वाक्यं तिथेच गळतात.

मूळ साहित्य किती आहे हेच माहीत नसणं

पसारा फार मोठा नाही. ग्रीकमधला 'कॉर्पस हर्मेटिकम', त्यात सतरा प्रकरणं (आकडे अठरापर्यंत जातात, पण पंधरावं नाही). 'अस्क्लेपियस', पूर्ण स्वरूपात फक्त लॅटिनमध्ये उरलेला. पाचव्या शतकात स्टोबेयस या ग्रीक संकलकाने आपल्या संग्रहात उतरवून ठेवलेले उतारे. आर्मेनियन भाषेत टिकलेली 'व्याख्यां'ची मालिका. आणि १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या कॉप्टिक हस्तलिखितांपैकी सहाव्या पोथीतले तीन मजकूर. याशिवाय ज्योतिष, किमया आणि औषधी वनस्पतींवरचे ग्रंथ हर्मिसच्या नावावर आहेत. तत्त्वज्ञानाचा गाभा मात्र दोन पुस्तकांत मावतो. व्हिडिओ बघण्यात जेवढा वेळ जातो त्यापेक्षा कमी वेळात तो एकदा वाचून होतो.

"जसं वर, तसं खाली" हे 'कॉर्पस'मध्ये शोधणं

सापडणार नाही. ते पाचूच्या पाटीवरचं, म्हणजे 'एमराल्ड टॅब्लेट' या छोट्या मजकुरातलं. त्या पाटीचा सर्वांत जुना मजकूर अरबीत आहे, बलिनास म्हणजे ट्यानाच्या अपोलोनियसच्या नावावर असलेल्या 'किताब सिर्र अल-खलीका'मध्ये, साधारण आठव्या-नवव्या शतकातला. त्यात हर्मिसच्या पुतळ्याखालच्या भुयारात सिंहासनावर बसलेला वृद्ध आणि त्याच्या हातातली पाचूची पाटी अशी सुरेख कथा आहे. लॅटिनमध्ये ती बाराव्या शतकात गेली आणि युरोपातल्या किमयागारांनी उचलून धरली. वाचा, जरूर वाचा, पण किमयेचा ग्रंथ म्हणून. 'अटलांटिसच्या थॉथच्या पाट्या' (थॉथ म्हणजे इजिप्तचा ज्ञानदेव, ग्रीकांनी हर्मिसशी एकरूप मानलेला) म्हणून जे फिरतं ते विसाव्या शतकातलं अमेरिकन लेखन आहे. त्यावर मी वेळ घालवत नाही.

काळाबद्दल दोन टोकं गाठणं

एक गट म्हणतो, हे मोझेसच्याही आधीचं. हा समज जुना आहे. १४६० च्या सुमारास लिओनार्दो नावाच्या भिक्षूने मॅसिडोनियातून ग्रीक हस्तलिखित फ्लोरेन्सला आणलं. फ्लोरेन्सचा सत्ताधारी कोझिमो दे मेदिचीने आपला भाषांतरकार मार्सिलियो फिचिनोला सांगितलं, प्लेटो बाजूला ठेव, आधी हे कर. फिचिनोने १४६३ मध्ये चौदा प्रकरणांचं लॅटिन भाषांतर पुरं केलं, पुढच्या वर्षी कोझिमो वारला, १४७१ मध्ये ते छापलं गेलं. सिएनाच्या कॅथीड्रलच्या फरशीवर तर हर्मिसला मोझेसचा समकालीन म्हणून कोरलंय. १६१४ साली आयझॅक कॅसोबाँ या ग्रीकच्या विद्वानाने भाषेवरून दाखवून दिलं की हे ग्रीक इतकं जुनं असूच शकत नाही. त्यात शिल्पकार फिडियासचा उल्लेख येतो, तो तर ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला. आज हे ग्रंथ साधारण पहिल्या ते तिसऱ्या शतकातले मानले जातात.

दुसरा गट कॅसोबाँचं नाव घेऊन सगळंच बनावट ठरवतो. हेही चूक. सक्कारा इथे सापडलेल्या ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या खापरांवर हर्मिस-थॉथसाठी 'महान' हे विशेषण पुन्हा पुन्हा येतं. 'त्रिवार महान' या बिरुदाची मुळं तिथे आहेत. म्हणजे ग्रीक पोशाखाखाली इजिप्तच्या देवळांतली परंपरा होती. नाग हम्मादीच्या मजकुरांनी ते आणखी स्पष्ट केलं. इसवी सन ३०० च्या आसपास इयाम्ब्लिकस या तत्त्वज्ञानेही साधारण हेच लिहून ठेवलंय: भाषा तत्त्वज्ञांची, विचार हर्मिसचा. मला हेच मत सर्वांत समतोल वाटतं.

फुकट मिळालेलं पहिलं भाषांतर उघडणं

वॉल्टर स्कॉटची (कादंबरीकार स्कॉट नव्हे) आवृत्ती टाळा; त्याने आपल्या मनाप्रमाणे वाक्यं इकडची तिकडे केलीत. मीडची १९०६ ची आवृत्ती प्रेमाने केलेली आहे, पण तिच्यावर थिऑसॉफीचा (सगळे धर्म एका गूढ ज्ञानात जोडू पाहणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या चळवळीचा) रंग आहे. इंग्रजी चालत असेल तर कोपनहेव्हरचं १९९२ चं भाषांतर घ्या आणि तळटीपा वगळू नका.

धूप, मूर्ती आणि मेणबत्त्यांपासून सुरुवात करणं

ही माझी दुसरी दुखरी नस. लोक फोटो पाठवतात: टेबलावर हर्मिसची छोटी मूर्ती, सात रंगांच्या सात मेणबत्त्या, परदेशातून मागवलेला 'कायफी' हा इजिप्शियन धूप. आणि प्रश्न एकच, "मांडणी बरोबर आहे का?"

मी त्यांना 'अस्क्लेपियस'चं शेवटचं प्रकरण वाचायला सांगतो. गुरू हर्मिस आणि शिष्य गाभाऱ्यातून बाहेर आलेत. सूर्य मावळतोय. ते दक्षिणेकडे तोंड करून प्रार्थनेला उभे राहतात. संध्याकाळी तिकडे आणि सकाळी पूर्वेकडे, असा त्यांचा दंडक. इतक्यात शिष्य अस्क्लेपियस हळूच हर्मिसच्या मुलाला, टॅटला, म्हणतो, प्रार्थनेसोबत धूप आणि सुगंधी द्रव्यं जाळावीत असं तुझ्या वडिलांना सुचवूया का? हर्मिसच्या कानावर ते जातं आणि तो अस्वस्थ होतो. देवाची विनवणी करताना धूप जाळणं त्याला पाखंडासारखं वाटतं, कारण ज्याच्यात सगळंच आहे त्याला कशाचीच उणीव नाही. आपण आभार मानू, माणसाने आभार मानणं हाच देवापुढचा उत्तम धूप, असं तो सांगतो. मग प्रार्थना होते आणि नंतर मांसाशिवायचं शुद्ध जेवण. नाग हम्मादीच्या कॉप्टिक पाठात प्रार्थना संपल्यावर ते एकमेकांना मिठी मारतात, मग जेवायला जातात. ही या परंपरेची जपून राहिलेली खरी संध्याकाळची उपासना. तिला सामान काहीच लागत नाही.

"मग मूर्तीचं काय?" असा पुढचा प्रश्न येतो. त्याच ग्रंथात वनस्पती, दगड आणि सुगंधी द्रव्यांच्या साहाय्याने देवळातल्या मूर्तींमध्ये शक्ती उतरवण्याचं वर्णन आहे. संत ऑगस्टीनने 'देवाच्या नगरी'त त्यावर कडाडून टीका केली. म्हणजे सुगंधी द्रव्यांना जागा आहे, पण ती पृथ्वीवरच्या, मूर्तीत वसणाऱ्या देवांच्या पूजेत. परमेश्वराच्या प्रार्थनेत नाही. या दोन पातळ्या सरमिसळ केल्या की मांडणी कितीही सुंदर दिसली तरी ग्रंथाच्या विरोधात जाते.

आणि "आम्ही तत्त्वज्ञानवाले, जादूटोण्याशी आमचा संबंध नाही" असं म्हणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. हीच आभाराची प्रार्थना ग्रीक भाषेत एका जादूच्या पपायरसमध्ये, लूव्रमधल्या मिमो पपायरसमध्ये, आढळते. त्याच पपायरसच्या सुरुवातीला मांजर पाण्यात बुडवण्याचा विधी आहे. मला तो विधी वाचवत नाही. तरी ही दोन जगं एकाच गुंडाळीत होती हे मान्य करावंच लागतं.

छोट्या, पण रोजच्या चुका

ग्रीक स्वर चक्रांना जोडू नका. सात स्वर आणि सात ग्रह ही जोडी त्या काळातली आहे. चक्रं आधुनिक लोकांनी चिकटवली.

गोल्डन डॉन या गूढविद्येच्या संस्थेचे विधी प्राचीन नाहीत. ती संस्था लंडनची, १८८८ ची.

"हे सगळं वेदान्तातूनच गेलं" असं पुराव्याशिवाय लिहू नका. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत आले आणि त्याच वर्षी त्यांचं मासिक इथूनच सुरू झालं. हर्मिस आणि वेदान्त एका दमात उच्चारण्याची सवय पसरली ती या मंडळींमुळे. साम्य दिसतं तिथे जरूर थांबा, पण प्लेटो, स्टोइक विचार, ज्यू उत्पत्तिकथा आणि इजिप्तची देवळं हे शेजारी आधी बघा.

थेट तेराव्या प्रकरणावर उडी

ज्ञानेश्वरी हातात घेऊन पहिल्या दिवशी सहाव्या अध्यायातलं कुंडलिनीचं वर्णन उघडून आसन घालणारे असतात, तसेच हे. तेराव्या प्रकरणात टॅटचा पुनर्जन्म होतो: अज्ञान, दुःख, असंयम, वासना, अन्याय, लोभ, कपट, मत्सर, दगा, राग, अविचार आणि दुष्टपणा असे बारा जाच दहा दैवी शक्तींच्या येण्याने निघून जातात. यादी वाचली की लोक लगेच आकडे मांडतात, षड्रिपूंशी जोड्या लावतात आणि मला विचारतात, "रोज एक जाच घालवला तर चालेल का?" टॅट मात्र आधीची प्रवचनं ऐकून, जगापासून मन काढून तिथवर आलेला असतो, आणि तरीही बापाशी हुज्जत घालतो, कळत नाही म्हणून रडकुंडीला येतो. घाईला तिथे वाव नाही.

नाग हम्मादीच्या 'आठव्या आणि नवव्याविषयीच्या प्रवचना'त तर हे अगदी स्पष्ट लिहिलंय. शेवटी हर्मिस सांगतो की हे पिरोज्याच्या शिलांवर चित्रलिपीत कोरून ठेव, आणि वाचणाऱ्याकडून शपथ घे की हे शब्द तो वाईट कामासाठी वापरणार नाही. ज्याने आधीची सर्वसाधारण प्रवचनं पार केली नाहीत त्याला हा ग्रंथ वाचता येणार नाही, हेही तिथेच आहे. ही अट माझी नाही, ग्रंथाचीच आहे.

म्हणून मी लोकांना असा क्रम देतो: पहिलं, चौथं आणि पाचवं प्रकरण, मग दहावं, मग पूर्ण 'अस्क्लेपियस', आणि त्यानंतरच तेरावं. दरम्यान काही करावंसं वाटलंच तर सूर्यास्ताला दक्षिणेकडे तोंड करून ती आभाराची प्रार्थना सावकाश, मोठ्याने म्हणा आणि त्या दिवशी मांस टाळा. एका प्रकरणाला एक आठवडा तरी द्या, आणि पुढच्याला हात लावण्याआधी मागचं पुन्हा एकदा वाचा.