प्रीमेडसाठी कॉलेज निवडताय? आधी ‘नव्वद टक्के’ कुणाचे ते विचारा

१ मेच्या आत कुठल्या तरी एका कॉलेजला होकार कळवायचा असतो, आणि एप्रिलभर अमेरिकेतल्या आपल्या घरांत एकच खल चालतो: पुढे डॉक्टर व्हायचं तर त्यातल्या त्यात मोठं नाव कुठलं? मी आता मेड स्कूलच्या, म्हणजे कॉलेजनंतरच्या वैद्यकीय शिक्षणाच्या, तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझं मत पक्कं आहे. नाव सगळ्यात शेवटी बघा. त्याआधी तिथली प्रीमेड कमिटी, म्हणजे मेड स्कूलची तयारी करणाऱ्या मुलांना शिफारसपत्र देणारी समिती, कशी वागते याची चौकशी करा.

कॅम्पस टूरवर हमखास सांगतात, ‘आमच्याकडून अर्ज करणाऱ्यांपैकी नव्वद टक्के मुलांना मेड स्कूल मिळतं.’ देशभरात निम्म्याहून कमी अर्जदारांना प्रवेश मिळतो, त्यामुळे हा आकडा ऐकून आईबाबा हरखतात. माझेही हरखले होते. पण ‘अर्ज करणारे’ म्हणजे कोण? पहिल्या सेमिस्टरला जनरल केमिस्ट्रीच्या हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेली सगळी मुलं नव्हेत. त्यातली कितीतरी ऑरगॅनिक केमिस्ट्री संपेपर्यंत गळतात. उरलेल्यांना काही कॉलेजांत कमिटी लेटर, म्हणजे त्या समितीचं शिफारसपत्र, लागतं. कमिटी तुमचा जीपीए (ग्रेडची सरासरी) बघते, मुलाखत घेते आणि मग पत्र द्यायचं की नाही ते ठरवते. ज्यांना पत्र मिळत नाही, त्यांतले बरेच जण अर्जच करत नाहीत, म्हणजे त्या टक्केवारीत ते कुठेच नसतात. ज्युनियर इयरच्या (कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या) हिवाळ्यात मला ऑफिसात बोलावून सांगितलं, ‘यंदा थांब, आम्ही पत्र देणार नाही.’ पत्राशिवाय अर्ज करता येतो, हे खरं. पण कॉलेजात कमिटी असूनही तिचं पत्र का नाही, याचा खुलासा बऱ्याच मेड स्कूल्स मागतात. मी थांबले. कॉलेजची टक्केवारी शाबूत राहिली.

म्हणून स्पष्ट विचारा. पहिल्या वर्षी किती मुलं प्रीमेड होती आणि त्यातल्या किती जणांनी अर्ज केला? कमिटी कुणाला अडवते का? जीपीएची किमान अट आहे का? नव्वद टक्क्यांत डीओ (ऑस्टिओपॅथिक पदवी देणारी) आणि कॅरिबियन बेटांवरची मेडिकल कॉलेजं धरली आहेत का? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर त्या आकड्यावर चार वर्षं पणाला लावू नका.

ग्रेडचंही तसंच. प्रिन्स्टनने ‘ए’ ग्रेड ३५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचं धोरण २००४ मध्ये आणलं आणि २०१४ मध्ये मागे घेतलं. अशा कडक ग्रेडिंगची भरपाई मेड स्कूल करेल, या भरवशावर राहू नका. अ‍ॅमकॅस (मेड स्कूल्सचे अर्ज एकत्र घेणारी सेवा) तुमचा जीपीए स्वतः काढतं, सायन्सचा वेगळा काढतं, आणि एखादा कोर्स दोनदा घेतला तर दोन्ही ग्रेड धरतं. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेले कोर्ससुद्धा त्यात येतात!

आता धीराचं. प्रीमेड हा काही मेजर (मुख्य विषय) नाही. इतिहास घ्या, संगीत घ्या, ठरावीक सायन्स कोर्स झाले की पुरे. एमकॅट ही प्रवेशपरीक्षा सगळ्यांना एकच, गुण ४७२ ते ५२८. आणि एखादं वर्ष मागे पडलं म्हणून काही बिघडत नाही. त्या वर्षी मी इमर्जन्सीमध्ये स्क्राइब होते. रात्रपाळीत डॉक्टरांच्या मागोमाग लॅपटॉपची ट्रॉली ढकलत पेशंटची हकिगत टाइप करायची. मुलाखतींत सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले.

हजारो डॉलर घेणाऱ्या कन्सल्टंटच्या नादी लागू नका. तुमच्याहून दोन वर्षं पुढे असलेली मुलगी किंवा मुलगा जे सांगेल, ते कन्सल्टंटना ठाऊकही नसतं. शॉर्टकट म्हणावा असा एकच: ब्राउन युनिव्हर्सिटीच्या पीएलएमईसारखा, कॉलेज आणि मेड स्कूल दोन्हींचा प्रवेश एकदमच देणारा आठ वर्षांचा कार्यक्रम. तो मिळाला तर डोळे झाकून घ्या.

भारतातून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनी मात्र आधीच समजून घ्या, की पुष्कळ मेड स्कूल्स परदेशी विद्यार्थ्यांचा अर्जच घेत नाहीत. टेक्सासच्या सरकारी मेड स्कूल्समध्ये तर राज्याबाहेरच्या सगळ्यांना मिळून फार तर दहा टक्के जागा असतात.

शेवटी पैसा. १ जुलै २०२६ पासून मेड स्कूलच्या नव्या विद्यार्थ्यांना फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच मिळेल. स्टेट युनिव्हर्सिटी फी माफ करत असेल, तर वाचलेले पैसे मेड स्कूलसाठी बाजूला ठेवा आणि होकार तिलाच कळवा.