आईबाबांची काळजी घेताना आपण पुरुष कुठे चुकतो: या चुका टाळा

बिलं भरली, गोळ्या आणल्या, डॉक्टरकडे नेऊन आणलं, झाली काळजी घेऊन, असं मला बरेच महिने वाटत होतं. आंघोळ, लघवी, रात्रीचं उठणं हे सगळं बायकोकडे. ही सगळ्यात मोठी चूक, कारण अंगाला हात लावल्याशिवाय कितीतरी गोष्टी कळतच नाहीत. माकडहाडावर किंवा टाचेवर लालसर चट्टा आलाय आणि बोटाने दाबला तरी फिका पडत नाही, ही बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात, ती रिपोर्टच्या फाईलमध्ये दिसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर 2 तासांनी बदलावी लागते.

आईला आंघोळ घालायचा संकोच दोघांनाही असतो आणि तो खराच आहे. आधी तिला विचारा. अंगावर मोठा टॉवेल राहू द्या, जेवढं धुवायचं तेवढंच उघडं करा, जे तिच्या हाताने होतं ते तिलाच करू द्या, वेळ लागला तर लागू दे. तरी नको म्हणाली तर मदतीला बाई ठेवा, हट्ट नको.

उचलताना आपण नुसती ताकद लावतो. काखेत हात घालून वर ओढू नका, त्यांचा खांदा दुखावतो आणि आपली कंबर जाते. त्यांना खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकवा, पावलं मागे घ्यायला सांगा, आपण गुडघ्यात वाकायचं आणि एक दोन तीन म्हणून दोघांनी मिळून उठायचं. व्हीलचेअर असेल तर ब्रेक आधी. झोपेतून उठवून लगेच उभं करू नका, एकदोन मिनिटं पलंगावर पाय सोडून बसू द्या, नाहीतर बीपी एकदम उतरून चक्कर येते आणि माणूस पडतो. लकवा झाला असेल तर शर्ट घालताना दुबळा हात आधी, काढताना चांगला हात आधी.

आणि हे प्लीज लक्षात ठेवा, काल नीट बोलणारे बाबा आज अचानक काहीबाही बरळायला लागले तर "वय झालं आता" म्हणून सोडून देऊ नका. असं एकदोन दिवसांत झालं तर बहुतेकदा लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं किंवा नवीन चालू केलेली गोळी असं काहीतरी निघतं, म्हातारपणात इन्फेक्शन असूनही ताप नसतो कधीकधी. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, तर थेट हॉस्पिटल गाठा. मी बाबांच्या वेळी दोन दिवस घालवले, अजून मनाला लागतं ते.

शेवटचं, मदत मागायची आपल्याला सवयच नाही. मग झोप होत नाही, चिडचिड होते आणि ती त्यांच्यावरच निघते. भावाबहिणींना "बघा जमलं तर" असं म्हणून कुणी येत नाही, "रविवारी सकाळी 9 ते 1 तू बस" असं स्पष्ट सांगा, आणि त्या वेळात खरंच झोपा.