भाचीकडे बाळ सोपवताना पैसे आधी ठरवा

एप्रिल-मे महिन्यांत खानापूर, निपाणीकडची कॉलेजातली भाची बेळगावात मावशीचं बाळ सांभाळायला येते. 'घरचीच पोर' म्हणून पैशांचं कुणी बोलत नाही आणि शेवटी एक ड्रेस हातात पडतो. हे बरोबर नाही.

हिशोब सोपा आहे. तुमच्या गल्लीत बाळ सांभाळणाऱ्या बाईचा दर विचारा. समजा, रोज 8 तास, महिन्याचे 26 दिवस, पगार 9,000 रुपये. म्हणजे 208 तास, तासाला साधारण 43. भाची रोज 5 तास, 24 दिवस येणार असेल तर 120 तासांचे 5,160 रुपये. जेवण, चहा यातून कापू नका. पाहुण्यालाही आपण ते देतोच.

कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये शक्ती योजनेमुळे राज्यातल्या मुलींना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. भाचा येणार असेल तर बसभाडं वेगळं द्या.

बिनसतं ते कामावरून. दूध पाजणं, दुपटी बदलणं, बाटली उकळणं हे बाळाचं काम. घरची भांडी, झाडलोट त्यात हळूच शिरते, म्हणून ती आधीच वगळा. संध्याकाळी तुम्हाला घरी यायला उशीर झाला तर जादा अर्धा तास कॅलेंडरवर लिहा आणि दर शनिवारी पैसे तिच्याच हातात द्या, तिच्या आईकडे नको.