पावलाच्या शस्त्रक्रियेसाठी घोट्याचा ब्लॉक कसा द्यावा

मधुमेहामुळे काळे पडलेले पायाचे बोट काढण्यासाठी येणाऱ्या रुग्णाचे हृदय आणि मूत्रपिंडे बहुधा आधीच थकलेली असतात. अशा वेळी रक्तदाबाला धक्का न लावता केवळ पाऊल बधिर करणारा घोट्याचा ब्लॉक (घोट्याजवळच्या चेतातंतूंभोवती बधिर करणारे औषध टोचणे) प्रत्येक नव्या भूलतज्ज्ञाच्या हातात बसलेला असावा, असे मला मनापासून वाटते. ब्लॉक देण्याआधी पावलाची संवेदना तपासून नोंदवून ठेवावी, कारण मधुमेहींच्या पायाला मुळातच बधिरपणा असू शकतो आणि नंतर त्याचे खापर ब्लॉकवर फुटते.

पावलाला पाच नर्व्ह (चेतातंतू) संवेदना देतात. त्यांपैकी सॅफेनस ही मांडीच्या पुढच्या बाजूच्या फेमोरल नर्व्हची शाखा आहे आणि उरलेल्या चारही (टिबियल, डीप पेरोनियल, सुपरफिशियल पेरोनियल आणि सुरल) मांडीच्या मागच्या बाजूच्या सायटिक नर्व्हपासून निघतात. सुरुवात टिबियलपासून करावी, कारण ती सर्वांत जाड असल्याने तिला बधिर व्हायला सर्वांत जास्त वेळ लागतो. सोनोग्राफीचा लिनियर प्रोब आतल्या घोट्याच्या किंचित वर आडवा ठेवला की धडधडणारी धमनी दिसते आणि तिच्या मागे मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार नर्व्ह दिसते. शेजारचा स्नायुबंधही तसाच भासतो. शंका आल्यास साहाय्यकाला रुग्णाचा अंगठा हलवायला सांगावे, म्हणजे स्नायुबंध सरकतो आणि नर्व्ह जागेवर राहते. सोनोग्राफी नसेल तर धमनीचा ठोका बोटाखाली धरून सुई तिच्या लगेच मागे घालावी, हाड लागल्यावर थोडी मागे घ्यावी आणि रक्त येत नाही याची खात्री करून 5 मिली औषध सावकाश सोडावे. रुग्णाला तळव्यात झिणझिण्या किंवा कळ आली, तर त्या जागी औषध मुळीच सोडू नये.

डीप पेरोनियलसाठी पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा उचलणाऱ्या स्नायुबंधाच्या बाहेरच्या अंगाला, धमनीशेजारी 3 मिली औषध पुरते. तिथूनच त्वचेखाली बाहेरच्या घोट्याकडे औषध पसरवले की सुपरफिशियल पेरोनियल आणि आतल्या घोट्याकडे पसरवले की सॅफेनस बधिर होते. सुरल मात्र बाहेरचा घोटा आणि टाचेमागचा जाड स्नायुबंध यांच्यामध्ये वेगळी गाठावी लागते.

एकूण मात्रा वजनावरून आधीच ठरवावी. बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधासाठी किलोमागे 2 मिलिग्रॅम ही मर्यादा मानली, तर 50 किलोच्या रुग्णाला 0.5 टक्क्यांचे 20 मिली म्हणजे अगदी काठापर्यंतचे औषध होते. म्हणून त्वचेखालच्या भागासाठी मी 0.25 टक्के वापरणे पसंत करते. औषध रक्तात जाऊन विषबाधा झाल्यास उतारा म्हणून 20 टक्के लिपिड इमल्शन हाताशी असावे, आणि ओठ बधिर होणे किंवा कानात आवाज येणे अशी तक्रार ऐकताच इंजेक्शन थांबवावे.

यानंतर किमान 20 ते 30 मिनिटे थांबावे. माझ्या पाहण्यात फसलेले म्हणून सोडून दिलेले अनेक ब्लॉक खरे तर घाईचे बळी होते. स्पिरिटचा बोळा अंगठा व शेजारच्या बोटामधल्या बेचक्यात, तळव्यावर आणि पावलाच्या दोन्ही कडांवर फिरवून गार लागते का, हे विचारावे.

टाचेची शस्त्रक्रिया असेल तर केवळ हा ब्लॉक भरवशाचा नाही, कारण टाचेकडे जाणारी शाखा अनेकदा घोट्याच्या वरच फुटलेली असते. तिथे गुडघ्यामागचा पॉप्लिटियल ब्लॉक द्यावा. मांडीवरचा टूर्निके (रक्तप्रवाह रोखणारा आवळपट्टा)ही या ब्लॉकमध्ये सोसत नाही, तो घोट्याच्या वर बांधण्याविषयी सर्जनशी आधीच बोलून घ्यावे.

पाऊल कित्येक तास बधिर राहते. त्यामुळे वेदनाशामक गोळी संवेदना परतण्यापूर्वी द्यावी, आणि त्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नये, हे रुग्णाला व घरच्यांना दोघांनाही स्पष्ट सांगावे.