उन्हाळ्यात अल्ट्रालाइट शिकताना

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत अल्ट्रालाइट, म्हणजे एक-दोन जणांचं अगदी हलकं विमान, उडवायला शिकत असाल, तर उड्डाण सकाळी लवकर उरका. दुपारी काळ्या रानांवरून तापलेली हवा उसळते, वावटळी उठतात आणि एवढं हलकं विमान त्यात सहज हेलकावतं. हवा विरळ झाल्यानं धावपट्टीही जास्त लागते.

टेकऑफनंतर लगेच इंजिन बंद पडलं, तर आधी नाक खाली करा. वजन कमी असल्यानं वेग झपकन उतरतो. धावपट्टीकडे परत वळायचा मोह तर जिवावरच बेततो, कारण कमी उंचीवरच्या त्या वळणात विमान स्टॉल होऊ शकतं, म्हणजे पंखांची उचल संपून कोसळू शकतं. समोरच्या बाजूलाच जागा शोधा. उभ्या उसापेक्षा ज्वारी काढलेलं रान कधीही बरं, पण उतरायचं तासांच्या, म्हणजे सऱ्यांच्या दिशेनं, आडवं नाही. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांबांची रांग हेरा.